फोटू येऊन राह्यला!

वऱ्हाडी माणसाच्या बोलण्यातल्या एका क्रियापदाला पुण्या-मुंबईकडची मंडळी फार दिवस हसत आली आहेत. आम्ही 'येत आहे' म्हणत नाही, 'येऊन राहिला' म्हणतो. पाऊस येऊन राहिला, पाहुणे येऊन राहिले, मी जेवून राहिलो! व्याकरणाच्या पुस्तकांत हा प्रयोग बोलींच्या प्रकरणात अंग चोरून बसलेला असतो, आणि विद्यार्थ्याने तो पेपरात लिहिला तर आम्ही मास्तरमंडळी त्याच्याखाली तांबडी रेघ ओढतो. तथापि मोबाईलच्या पडद्यावर चित्र कसे अवतरते, हे सांगावयाला मराठीत याहून नेमके क्रियापद मला तरी सापडलेले नाही. 'फोटू येऊन राह्यला' असे म्हणणारा शेतकरी एका दमात तीन गोष्टी सांगतो. फोटो निघालेला आहे. तो अजून पोचलेला नाही. आणि तो पोचेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे काही कारण नाही.

ह्यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची. संगणकाच्या धंद्यात तिला 'असिंक्रोनस डाउनलोड' असे भारदस्त नाव आहे. डाउनलोडची अडचण नाही. शाळेत फळ्यावरचे आपण वहीत 'उतरवून' घेत होतो, तसेच हे. घोडे अडते ते 'असिंक्रोनस'पाशी. कोशकार त्याला 'असमकालिक' म्हणतात. पण मराठीच्या वर्गात हा शब्द उच्चारला की मुलांना केशवसुतांचे समकालीन कवी आठवतात, आणि मग तासाचे जे व्हावयाचे ते होते! मी आपले साधे भाषांतर करतो: 'वाट न पाहता'. मागणी करावयाची, पण देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत दारात उभे राहावयाचे नाही.

समजा, दिवाळीच्या फराळाला बारा नातलगांना पत्राने बोलवावयाचे आहे. पहिले पत्र मामांना टाकले. आता मामांचे उत्तर येईपर्यंत आत्याबाईंना पत्र लिहावयाचे नाही, चकली तळावयाची नाही, दारावर कोणी थाप मारली तरी कडी काढावयाची नाही. पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून ओसरीवर बसावयाचे! असा यजमान कोणी पाहिला आहे काय? पण मोबाईलची ॲपे एके काळी नेमकी अशी वागत, आणि निष्काळजी हातांनी लिहिलेली आजही वागतात. शहाणी गृहिणी बाराही पत्रे एकाच दुपारी पेटीत टाकते आणि चकलीच्या सोऱ्याकडे वळते. उत्तरे आपल्या क्रमाने येत राहतात. अकोल्याचे आधी आले म्हणून इंदूरचे रागावत नाही.

यात वेळ वाचतो तो कोठे? कमजोर नेटवर्कवर फोनाने मागणी केल्यापासून दूरच्या सर्व्हरकडून उत्तराचा पहिला शब्द येईपर्यंत अर्धा सेकंद सहज जातो. बारा चित्रे एकामागून एक मागितली तर नुसत्या वाट पाहण्यातच सहा सेकंद गेले. चित्रे उतरण्याचा वेळ निराळाच. मागण्या बरोबरच धाडल्या की हे अर्धे सेकंद एकमेकांवर पडतात आणि सहाचा जेमतेम एक उरतो. ही युक्ती जुनी आहे. 1993 साली मोझेक नावाच्या ब्राउझरने मजकुराच्या शेजारी चित्र दाखविण्याची सोय केली, तेव्हा लोक थक्क झाले खरे, पण चित्रे येईपर्यंत बराच वेळ कोऱ्या पानाकडे पाहत बसावे लागे. 1994 च्या नेटस्केपने मजकूर आधी वाढला आणि चित्रे मागून, तीही दोन-चार बरोबर, येऊ दिली. फोनच्या तारेवर चालणाऱ्या त्या गरीब इंटरनेटवर नेटस्केपचे नाव झाले, त्याचे हे एक मोठे कारण.

आता मराठीच्या मास्तराने ह्या भानगडीत का पडावे? त्याचे कारण माझा एक जुना विद्यार्थी. बारावीला मराठीत कसाबसा पास झालेला, पण पुढे संगणकाचे शिक्षण घेऊन पुण्यात स्थिरावलेला. बाप कापूस पिकवणारा. मुलाच्या मनाने घेतले की कपाशीवरच्या किडी आणि त्यांचे मित्रकीटक यांचा एक सचित्र कोश मोबाईलवर करावा. बापाने आणि बापाच्या शेजाऱ्यांनी पानाखालची अळी पाहावी, यादीतल्या फोटोशी ताडावी आणि मगच फवारणीचा पंप पाठीवर घ्यावा. साठ किडींचे साठ फोटो. मजकूर तपासण्यासाठी तो माझ्याकडे आला, आणि शुद्धलेखनाच्या चुका काढता काढता मी चित्रांच्या चुकांपर्यंत जाऊन पोचलो.

हे काम हौसेचे नाही, हे यवतमाळकराला समजावून सांगावे लागत नाही. 2017 च्या खरिपात ह्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडोंना दवाखान्यात भरती करावे लागले. त्याच साली गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरून टाकली होती. कारणे अनेक होती आणि त्यांची चौकशीही झाली. एखाद्या ॲपाने ते सारे टळले असते असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण एक फवारणी कमी झाली तर एका माणसाच्या छातीत एका दिवसाचे विष कमी गेले, एवढा हिशेब तर खरा आहे? आणि फवारावे की नाही, हे अळी ओळखण्यावरच ठरते.

पोराने पुण्यात बसून ॲप लिहिले. तेथे ते लोण्यासारखे चालले. दिवाळीच्या सुटीत तो गावी आला आणि आम्ही दोघे झरी-जामणी तालुक्यातल्या एका खेड्यात गेलो. हा तालुका जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या शिवेवर. तेथे नेटवर्क एका लिंबाच्या झाडाखाली असते आणि दहा पावले पुढे गेले की नसते. पुण्यात जे दीड सेकंदात झाले होते, ते येथे चार मिनिटांतही होईना. पडदा गोठला. बोट फिरवले तर यादी हलेना, मागे जाण्याचे बटण दाबले तरी ढिम्म. शेवटी फोननेच विचारले, 'ॲप प्रतिसाद देत नाही. बंद करू का?'

ह्या गोठण्याचे कारण समजून घेण्यास आमच्या शकुंतलेची आठवण उपयोगी पडेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 113 किलोमीटरची अरुंद रुळांची आगगाडी, ब्रिटिश कंपनीने कापूस मुंबईकडे नेण्यासाठी घातलेली. 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली आणि आता कित्येक वर्षे बंद आहे. वाटेतल्या बऱ्याच ठेशनांवर नोकर नसे. गाडीवरचा गार्डच खाली उतरून तिकिटे देई, तोच पुढे झेंडी दाखवी. आता हा गार्ड एखाद्या उतारूची वळकटी आणावयाला गावात गेला तर? तिकिटे बंद, झेंडी बंद, गाडी उभी! ॲपामध्ये असा एकच गार्ड असतो, त्याला 'मेन थ्रेड' म्हणतात. पडदा रंगविणे, बोटाचा स्पर्श ओळखणे, यादी वर-खाली सरकविणे ही सारी त्याची कामे. साधा पडदासुद्धा सेकंदाला साठ वेळा रंगवावा लागतो. म्हणजे एका फेरीला त्याच्या हाती सोळा-सतरा सहस्रांश सेकंद. त्याला चित्र आणावयाला टॉवरपर्यंत पिटाळले की सारा कारभार आटोपला. बोटाच्या स्पर्शाला पाच सेकंद उत्तर मिळाले नाही, की अँड्रॉइड आपण होऊन ती सूचना दाखवते. 2011 पासून तर अँड्रॉइडने कायदाच केला, की नव्या ॲपाच्या मेन थ्रेडने स्वतः नेटवर्कवर पाऊल टाकले तर ते ॲप जागच्या जागी बंद पाडावयाचे. एरवी कायद्यातून पळवाटा काढणारी मंडळी ह्या कायद्यापुढे मात्र निमूट झाली.

"मग तुझे ॲप कायद्यातून सुटले कसे?" मी विचारले. पोरगा खाली पाहू लागला. फोटो आणावयाला त्याने हमाल पाठविले होते, हे खरे. पण आलेले फोटो उलगडून त्यांचा आकार कमी करण्याचे काम गार्डाच्याच गळ्यात टाकलेले होते. आता फोटो उलगडणे ही काय चीज आहे, ते पाहा. साधा बारा मेगापिक्सेलचा फोटो फाइलीत गुंडाळलेला असतो तेव्हा तीन-चार एमबींचा. पण पडद्यावर मांडावयाचा तर तो स्मृतीत उलगडावा लागतो, आणि चार हजार ठिपके रुंद, तीन हजार उंच, प्रत्येकाला चार बाइट ह्या हिशेबाने तो 48 एमबी जागा व्यापतो. असे दहा फोटो आले की स्वस्त फोनाची छाती फुटायची वेळ! वास्तविक यादीतला फोटो अंगठ्याच्या नखाएवढा. दोनशे ठिपके लांब-रुंद पुरे. त्याला लागतात 160 केबी. म्हणजे तीनशे पट ओझे हा पोरगा उगीच वाहत होता. चिमूटभर मिठासाठी बैलगाडी जुंपण्यासारखेच!

हे दुरुस्त करून आम्ही दोन दिवसांनी पुन्हा त्याच लिंबाखाली गेलो. ह्या खेपेला पडदा गोठला नाही. यादी तुरुतुरु सरकत होती, नावे लगेच दिसत होती, आणि फोटोच्या जागी करडे चौकोन होते; त्यांतून एकेक फोटो उगवत होता. चार-सहा मंडळी जमली. 'फोटू येऊन राह्यला' हे वाक्य मी तेथे प्रथम इतक्या कानांदेखत ऐकले. पोरगा खुशीत आला. तेवढ्यात एका पन्नाशीच्या बाईंनी फोन हातात घेतला, दोन वेळा बोट फिरवले आणि त्या म्हणाल्या, "भाऊ, हे अळी तं मावा खाते. इले मारा म्हून कायले लिवलं?"

पाहतो तो एका नुकसान करणाऱ्या अळीच्या नावाखाली ढालकिड्याच्या अळीचा फोटो! ढालकिडा म्हणजे तो लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा देखणा किडा. तो सर्वांना ठाऊक असतो. त्याची अळी मात्र काळपट, नारिंगी ठिपक्यांची, बारीक सुसरीसारखी दिसते. पाहताच मारावीशी वाटते. पण कपाशीचा रस शोषणारा मावा ती फस्त करते. तिला मारणे म्हणजे आपल्याच घरचा राखणदार मारणे. बाईंना हे ठाऊक होते म्हणून चूक पकडली गेली. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठीच तर ॲप होते! मजकुरात हा घोटाळा नव्हता. मी स्वतः तो दोनदा वाचला होता. पुण्यात हा घोटाळा एकदाही दिसला नव्हता. मग फोटो दुसऱ्याच्या घरात शिरला कसा?

येथे आपल्याला पंगतीत बसावे लागेल. यादी साठ किडींची असली तरी फोन साठ ओळी तयार करीत नाही. पडद्यावर मावतील तेवढ्या, आणि वर एक-दोन जास्त, बस्स. वरची ओळ सरकत पडद्याबाहेर गेली की तीच उचलून, नाव बदलून, खाली लावावयाची. पाट दहाच, जेवून उठला त्याच्या पाटावर नवा बसतो. ही काटकसर योग्यच आहे. आता तिसऱ्या पाटावरच्या गृहस्थांसाठी वाढपी श्रीखंड आणावयाला आत गेला. आत गर्दी, वेळ लागला. इतक्यात ते गृहस्थ उठून गेले आणि त्या पाटावर मधुमेहाचे एक आजोबा येऊन बसले. वाढपी बाहेर आला. त्याने माणसाकडे पाहिले नाही, पाट मोजला: एक, दोन, तीन! आणि आजोबांच्या पानात श्रीखंड. त्याहून वाईट गोष्ट अशी, की आजोबांचे योग्य वाढप आधीच येऊन गेले असले तरी उशिरा आलेले श्रीखंड त्याच्यावर पडते, आणि शेवटी पानात दिसते ते श्रीखंडच. शहरात वाढपी इतका चपळ, की माणूस उठण्यापूर्वीच तो परत येतो, म्हणून ही चूक तेथे दिसतच नाही. ती दिसावयाला झरी-जामणीतले लिंबाचे झाडच पाहिजे.

हा रोग काही त्या पोराने शोधून काढलेला नव्हे. 2010 साली अँड्रॉइडच्या कर्त्यांनीच एक लेख लिहून तो समजावून दिला होता आणि औषधही सांगितले होते. औषध सोपे आहे. प्रत्येक पाटावर एक चिठ्ठी ठेवावयाची: येथे अमक्या फोटोची वाट पाहिली जात आहे. नवा पाहुणा बसला की जुनी चिठ्ठी फाडावयाची, आणि आत गेलेल्या वाढप्याला जमल्यास हाक मारून परतवावयाचे. वाढपी आलाच, तर त्याने आधी चिठ्ठी पाहावयाची. नाव जुळले नाही तर ताट परत न्यावयाचे. शिवाय, पाट रिकामा झाला की आधीचे उष्टे पुसून घ्यावयाचे, म्हणजे नवा फोटो येईपर्यंत जुन्याचे दर्शन नको; त्यापेक्षा करडा चौकोन बरा. ग्लाईड, पिकासो, कॉइल अशी तयार साधने आज फुकट मिळतात आणि ती हे सारे आपण होऊन करतात. आमच्या पोराने ती न घेता स्वतःच्या हाताने सारे लिहिले होते. तरुणपणी प्रत्येकाला आपला पाट आपणच रंधावासा वाटतो!

तिसऱ्या खेपेला आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती वाट न पाहण्याच्या भक्तांना सहसा आवडत नाही. एकदम मागितल्याने रस्ता रुंद होत नाही. सेकंदाला शंभर किलोबिट एवढेच नेटवर्क असेल तर तीन एमबींचा एक फोटो यावयाला चार मिनिटे लागतात. दहा फोटो एकदम मागितले तरी चाळीस मिनिटांचे काही कमी होत नाही. उलट दहाही अर्धवट लोंबकळत राहतात: एक ना धड, भाराभर चिंध्या. म्हणून शहाणी ॲपे एका वेळी तीन-चारच मागण्या चालू ठेवतात आणि जे डोळ्यांसमोर आहे ते आधी मागतात. ब्राउझरसुद्धा पुष्कळ वर्षे एका सर्व्हरकडे एका वेळी सहाच जोडण्या ठेवीत आले. 2015 च्या एचटीटीपी-2 ने एकाच जोडणीतून अनेक चित्रे आणण्याची सोय केली. पण खरा इलाज सर्व्हरवरच आहे: यादीसाठी तेथेच पंधरा केबींची लहान प्रत करून ठेवावयाची. शंभर किलोबिटांच्या रस्त्यावरून ती सव्वा सेकंदात येते. मोठा फोटो ज्याने मागितला त्यालाच.

एकदा आलेले पुन्हा मागवू नये, हे तर कोणतीही गृहिणी सांगेल. रोज लागणारी हळद-मोहरी मिसळणाच्या डब्यात, हाताशी. बाकीचे कोठीच्या खोलीत. फोनातही अशा दोन जागा असतात. स्मृतीतली कॅशे म्हणजे मिसळणाचा डबा, लहान पण चटकन हाती येणारी. आणि साठवणीतली कॅशे म्हणजे कोठी, मोठी पण किंचित सावकाश. जागा भरली की फार दिवस ज्याला हात लागला नाही ते आधी टाकावयाचे. आमच्या घरच्या माळ्यावर हा नियम कधी लागू होईल, कोण जाणे!

ह्या साऱ्या प्रवासाची एक उलटी वाटही आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या पिकाचा फोटो स्वतः काढून सरकारकडे पाठवू लागला. पूर्वी ही नोंद तलाठी करी. येथे फोटो उतरवावयाचा नसून चढवावयाचा. शेतात नेटवर्क नसते. फोटो मात्र शेतातच काढावा लागतो. तेव्हा आता काढून ठेव आणि पुढे नेटवर्क लागेल तेव्हा धाड, हीच रीत येथे सोयीची. पण येथेही चिठ्ठीचा प्रश्न तोच. एकाचा फोटो दुसऱ्याच्या गट क्रमांकावर पडला तर काय होईल, हे सातबारा पाहिलेल्या माणसाला सांगावयाला नको. पिकाची नोंद बिघडली तर नुकसानभरपाईचे घोंगडे किती दिवस भिजत पडेल, याचा नेम नाही.

आमच्या पोराच्या ॲपाची आजची अवस्था अशी आहे. नाव आणि लक्षणे आधी दिसतात. ती फोनातच भरलेली असल्याने त्यांना नेटवर्क लागत नाही. मित्रकीटकांच्या ओळींना हिरवी कड आहे, आणि ही कड फोटोबरोबर न येता नावाबरोबर येते; हे त्या बाईंच्या प्रश्नानंतर सुचले. फोटो आला नाही तर ॲप थोडे थांबून पुन्हा मागते, मग दुप्पट थांबून, मग चौपट. आणि मग पुन्हा पुन्हा दार वाजवीत न बसता 'परत प्रयत्न करा' असे एक बटण दाखवून गप्प बसते. करड्या चौकोनात काय लिहावे यावर आमचा वाद झाला. 'प्रतिमा प्राप्त होत आहे' असे त्याने लिहिले होते. ते मी खोडले आणि बोलीतले क्रियापद घातले. मराठीच्या मास्तराने हे करावे याचे त्याला फार आश्चर्य वाटले.

राहता राहिला मोठ्या फोटोंचा प्रश्न. साठ फोटो, प्रत्येकी ऐंशी केबी. सगळे मिळून पाच एमबींच्या आत. ते शेतात उभे राहून उतरविण्याची गरजच काय, असे खेड्यातल्याच एका तरुणाने विचारले. माणूस आठवड्यातून एकदा बाजाराला जातो, तेथे नेटवर्क बरे असते. आता ॲपात एक खूण आहे, ती एकदा लावून ठेवली की बाजाराच्या गावी पोचल्यावर बरे नेटवर्क लागताच ॲप कोणालाही न विचारता, तीन-तीन करून, साठही फोटो कोठीत आणून ठेवते. त्या वेळी फोन खिशात असतो, आणि मालक हॉटेलात भजी खाऊन राहिलेला असतो.